पाऊणकीचा पाढा

गरी टाकून बसलेल्या माणसाबद्दल जगाचं मत फारसं बरं नाही. अख्खा रविवार क्रिकेट बघण्यात घालवणारा शौकीन ठरतो, रात्र रात्र पत्ते कुटणारा दिलदार ठरतो. समुद्राकडे तोंड करून, हातात काठी धरून तासन्‌तास उभा राहणारा मात्र सरळसरळ रिकामटेकडा. पोटासाठी मासे धरणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. पण ज्याच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार नाहीतर पेन्शन येतं, ज्याच्या घरापासून मासळीबाजार हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरीही जो पहाटे काळोखात उठून खडपावर गरवायला जातो, त्याच्याकडे शेजारीपाजारी काळजीच्या नजरेने बघतात. आमच्या बाजारातली एक मावशी तर रिकामी पिशवी हलवत परतताना मला पाहिलं की हाक मारून सांगते, "घेवन जावा हो बांगडे. गरीक गावले म्हणान सांगा घराकडे." तिचा हेतू चांगला असतो. अडचण एवढीच की खडपावरून टाकलेल्या गरीला बांगडा सहसा लागत नाही, ही गोष्ट आमच्या घरात आता सगळ्यांना कळलेली आहे.

हिशेब मांडला तर मावशीच बरोबर ठरते. काठी, रील, तंगूस, शिसं, गऱ्या, आणि वर आमिषाची सुंगटं. सुंगटं म्हणजे कोळंबी. ती आपण बाजारातून विकत आणायची, घरात कोणाला दिसू न देता समुद्रात टाकायची आणि केंडाने ती खायची. केंड हा फुगणारा, चोचीगत दातांचा, विषारी मासा. गरीला लागला तर उपयोग नाही, नाही लागला तर आमिष गेलं, आणि मनात आलं तर तो तंगूससुद्धा कातरून नेतो. मोठ्या माशाच्या आशेने आपण खडपावर जो वेळ काढतो त्यातला बराचसा केंडांना जेवू घालण्यात जातो, हे कोणताही गरवणारा खाजगीत कबूल करील.

छंदाचं कुळशील कोणी विचारलंच तर मी बाराव्या शतकाकडे बोट दाखवतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य कसं चालवावं इथपासून ताटात काय असावं इथपर्यंत सगळं त्यात आहे, आणि राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ही आहे. मासे कोणकोणते, कोणाला काय खाऊ घालावं, गळ आणि दोरी कशी असावी, याचा विचार त्यात रीतसर केलेला आहे. सोमेश्वराचं राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होतं, तेव्हा आमचा रिकामटेकडेपणा निदान राजमान्य तरी आहे. फरक इतकाच की राजा गरवायला बसला म्हणजे छत्र धरायला, खाऊ कालवायला आणि महाराजांचा पाय घसरलाच तर पाण्यात उड्या टाकायला माणसं असणार. आमच्याकडे फार तर गुरुजी असतात.

गुरुजी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. अर्ध्या गावाकडून त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतलेली आहे आणि गरवण्याकडेही ते त्याच नजरेने बघतात. शिकायला आलेल्या पोराला ते आधी पाण्याजवळ जाऊच देत नाहीत. भात कापून झालेल्या मळ्यात उभं करतात, दोराच्या टोकाला गरीऐवजी नुसतं शिसं बांधतात, वीस-पंचवीस पावलांवर सुपली ठेवतात आणि म्हणतात, "टाक." पोरगं अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून काठी फिरवतं. शिसं कधी पाठीमागच्या काजूत अडकतं, कधी पायांपुढे धप्पकन पडतं. तर्जनीने धरून ठेवलेला दोर काठी पुढे येताना नेमका कधी सोडायचा, तो क्षण डोळ्याला दिसत नाही. लवकर सोडला तर शिसं आभाळात, उशिरा सोडला तर ढेकळात. मधला क्षण बोटाला सापडावा लागतो, आणि बोटाला कान नसल्यामुळे गुरुजींनी कितीही समजावून सांगितलं तरी भागत नाही. टाकत राहायचं.

जोर खरं तर काठीने लावायचा असतो. मागे नेताना ती शिशाच्या वजनाने वाकते आणि सरळ होताना शिसं फेकते. आपण तिला वाकायला पुरेसा वेळ द्यायचा, बस्स. बायका आणि लहान मुली हे पुरुषांपेक्षा लवकर शिकतात, असा गुरुजींचा अनुभव आहे. त्यांना कोणाला दंड दाखवायचे नसतात.

१९२०च्या दशकात मॉस्कोच्या मध्यवर्ती श्रमसंस्थेत निकोलाय बर्नस्टाइन नावाचा शास्त्रज्ञ कामगारांच्या हालचाली तपासत असे. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या अंगावर त्याने छोटे दिवे बांधले आणि त्या दिव्यांच्या रेघा फोटोत टिपल्या. वर्षानुवर्षं तोच घाव घालणाऱ्याचा हात दर खेपेला तंतोतंत त्याच वाटेने जात असेल, असं कोणालाही वाटेल. निघालं भलतंच. हातोड्याचं टोक जवळपास तिथेच येत होतं, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडं निराळं वागत होतं. एक जरा ढळलं की दुसरं सांभाळून घेत होतं. सराव म्हणजे तेच उत्तर गिरवत बसणं नव्हे, तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणं, असं त्याने पुढे मांडलं. हे मी मोठ्या कौतुकाने गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "मग? म्हणून तर मी सुपली हलवतो." आणि खरंच, दर काही खेपांनी ते सुपलीची जागा बदलतात, वारा पडला की पोरांना घरी पाठवतात आणि वारा सुटला की बोलावून आणतात. एकाच जागी, एकाच वाऱ्यात हजार वेळा टाकणारा मळ्यात पहिला नंबर काढतो आणि खडपावर स्वतःच्याच टोपीत गरी अडकवून घेतो.

गाठ शिकवण्याची त्यांची तऱ्हा बघण्यासारखी असते. तंगुसाला साधी गाठ मारली तर त्याची जवळजवळ निम्मी ताकद त्या गाठीतच जाते. म्हणून दोर गरीच्या नेढ्यातून ओवायचा, मूळ दोराभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक मागे आणून नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं, तिथे झालेल्या मोठ्या फाशातून पुन्हा ओढायचं, आणि आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करायची. कोरडी गाठ आवळली की दोर दोरावर घासतो, तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. थुंकी लागलेली गाठ वेढ्याला वेढा लावून निमूट बसते. नखाने चाचपली तर एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला लागत नाही. गुरुजी ही गाठ काळोखात, कोणाशी तरी राजकारणावर बोलत असताना मारतात. ज्या बोटांनी सुंगटं सोलली त्याच बोटांनी धरलेला दोर तोंडात घालायचा हे ज्याला जमत नाही, त्याने कॅरम खेळावा.

मग येतो ड्रॅग. मासा ओढायला लागला की दोर तुटण्याऐवजी रीलने तो थोडा थोडा सोडत जावा, यासाठी केलेली ही सोय. दहा किलोचा दोर असेल तर अडीच-तीन किलोच्या ओढीला रील फिरायला लागली पाहिजे. ती आम्ही घरी ताणकाटा लावून बघतो. पुढे मौज आहे. मासा दोर नेत जातो तशी रीलवरची गुंडाळी बारीक होत जाते, आणि तिची त्रिज्या निम्म्यावर आली की तीच रील फिरायला दुप्पट ओढ लागते. थोडक्यात, मासा जितका लांब गेला तितका दोर तुटायच्या जवळ आला. अशा वेळी ड्रॅग सैल करायचा. पण मासा लांब चाललेला दिसला की माणसाचा हात आपसूक ड्रॅग आवळायला धावतो. लहानपणी पतंग उडवलेल्या माणसाला ढील देण्याचं शहाणपण आधीच आलेलं असतं. तो इथे बरा निभावून नेतो.

बरं, हा नियम पाठ करून ठेवावा तर तांबोशी तो मोडते. ती आमिष उचलते तीच मुळी खडपाखालच्या आपल्या बिळाकडे वळून. पहिल्या दोन सेकंदांत तिचं तोंड फिरवलं नाही तर दोर कालवांच्या धारेवर घासतो आणि हातात हलकी काठी उरते. जिताड्याचं उलट. हाच मालवणातला चणक, गोव्यातला चोणक. तो पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झटकतो आणि कल्ल्यावरच्या झाकणाच्या पात्याने दोर कापायला बघतो. एकाला जागच्या जागी रोखायचं, दुसऱ्याला जपून सोडायचं, आणि दोघांपैकी लागलंय कोण ते पहिल्या हिसक्यात ओळखायचं. विचार करायला सवडच नसते. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट: जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाला की मादी होतो. त्यामुळे पिळदार मिशांची माणसं छाती फुगवून फोटोत जो दांडगा गडी उचलून धरतात, तो बहुधा बाईमाणूस असतो.

इतकं सगळं करून मासा मिळतोच असं नाही. तरी माणूस का टाकत राहतो, याचं उत्तर कबुतरांनी देऊन ठेवलेलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली छापलेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात कबुतरांच्या टोची मोजलेल्या आहेत. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळतो असं असेल तर कबुतर दाणा खाऊन जरा विसावतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी शंभराव्या टोचीला, असा बेभरवशाचा मिळत असेल तर ते थांबतच नाही, टोचत राहतं. गरीचं बक्षीस याच जातीचं. ‘आता शेवटची टाकतो’ असं म्हटल्यानंतर प्रत्यक्षात जितक्या वेळा गरी पाण्यात जाते, त्यावरून कोण किती जुना गरवणारा हे सांगता येईल.

या टोचत राहण्याने हात तयार होतो, हे मान्य. पाणी हाताला अगदी सचोटीने शिकवतं. गाठ कच्ची असेल तर तुटते, बोट चुकलं तर शिसं भलतीकडे जातं, ड्रॅग जास्त आवळला तर मासा जातो. चूक आणि शिक्षा यांत एका श्वासाचंही अंतर नसतं. पण खडपावर कुठे उभं राहायचं, किती पुढे जायचं, कधी परतायचं, हा धडा शिकवताना तोच समुद्र अत्यंत लबाड मास्तर होतो. चुकीच्या खडपावर उभ्या राहिलेल्या माणसाला तो काहीच करत नाही. उलट बक्षीस देतो, कारण पुढचा खडप म्हणजे खोल पाणी आणि खोल पाणी म्हणजे मोठा मासा. दुसऱ्या दिवशीही काही करत नाही. महिनाभर करत नाही. मग तो माणूस इतरांना सांगायला लागतो की मी इथे वर्षानुवर्षं उभा राहतो, काही होत नाही. ज्या उजळणीने त्याचा हात शहाणा झाला, तिनेच त्याची भीती बोथट केली, आणि दोन्हीला तो अनुभव म्हणतो. खडपावर मला नवशिक्यापेक्षा अशा अनुभवी माणसाची जास्त धास्ती वाटते. नवशिका निदान घाबरलेला तरी असतो.

यावर गुरुजींचा उपाय अगदी शाळामास्तरी आहे. भीती आपोआप टिकत नाही, तेव्हा तिचाही पाढा करायचा. आणि तो पाढा पाऊणकीचा.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट करायची, येतील तितके वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणकी सहा. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला पंधराची पाऊणकी सव्वाअकरा. अंदाज ठोकळ आहे, बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण मोबाईलची रेंज गेली तरी हा अंदाज जात नाही. त्यात उधाण आणि भांग धरायचे. पुनव-अवसेच्या आसपास उधाण: पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग: चढउतार बेताचा.

आता यातला डाव बघा. उधाणाच्या दिवशी सुकतीला पाणी लांबवर मागे जातं आणि एरवी कधी न दिसणारे पुढचे खडप उघडे पडतात. गरवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचा हाच दिवस. भरती सव्वाअकराची म्हणजे सुकती संध्याकाळी पाच-साडेपाचला. ऊन उतरलेलं, कचेरी सुटलेली, सगळं मनासारखं. पण पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या जेमतेम बारावा हिस्सा चढतं, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. म्हणजे साडेसहाला माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं, पाणी आहे तिथेच आहे. आणि सात ते नऊच्या काळोखात ते धावत येतं. आपल्या पुढून नव्हे, मागच्या सखल घळीतून, ज्या वाटेने आपण कोरड्या पायांनी चालत आलो. यावर कडी म्हणजे पुष्कळसे मासे काठाला खायला येतात ते चढत्या पाण्याबरोबरच. परतायची वेळ आणि मासा लागायची वेळ एकच. कबुतराला दाणा मिळायला लागतो तो नेमका पिंजऱ्यात पाणी भरत असताना.

म्हणून परतायची वेळ गुरुजी घरातून निघताना ठरवतात, खडपावर नाही. ती झाली की ते रील गुंडाळतात. हा पाढा मी सगळ्यांत अवघड मानतो. एकदा त्यांच्या शेजारच्याला ओळीने तीन पालू लागले होते आणि चौथा ओढत होता. गुरुजी पिशवी खांद्याला लावून वर निघाले. त्याने विचारलं, "गुरुजी, आता?" ते म्हणाले, "आताच." आणि सावकाश, पाण्याकडे अर्धं तोंड ठेवून वर चढले. कारण दर्याक पाठ दाखवची नाय, हे आमच्याकडे पोराला चालायला लागल्यापासून सांगतात.

दुसरा पाढा नुसतं बसून राहण्याचा. खडपाशी पोहोचलं की गुरुजी वीस मिनिटं काठी उघडत नाहीत. उंचावर बसून थर्मासमधला चहा पितात आणि पाणी बघतात. नव्या पोरांना हे म्हातारपण वाटतं. पण मोठ्या लाटा गटागटाने येतात आणि दोन गटांमध्ये समुद्र चांगली पाच-दहा मिनिटं साळसूद असतो. तेवढ्यावर भुलून खाली उतरणाऱ्याला तो पुढचा गट दाखवतो. खडप कोरडा आहे याचाही अर्थ एवढाच की इतक्यात मोठी लाट आलेली नाही. त्यापेक्षा खडपाचा रंग बघावा. कालवं चिकटलेली दिसतात तिथवर पाणी नेहमीचं. त्याच्या वर काळपट, बुळबुळीत पट्टा असतो, तिथे शिंतोडे आणि अधूनमधून लाट. त्याहूनही वर, जिथे कातळ करडा, खरखरीत आणि मुंगी फिरण्याइतका सुका, तिथे माणसाने उभं राहावं. तिथून गरी दहा-पंधरा हात कमी पुढे पडते. पडू दे.

लाटांमधला वेळही ते घड्याळावर मोजतात. पाच-सात सेकंदांनी येते ती जवळच्या वाऱ्याची लाट, तिचं दुखणं डोळ्यांना दिसतं. पण एप्रिल-मे महिन्यांत कधी कधी वारा नाही, ढग नाही, समुद्र तेलासारखा, आणि पंधरा-अठरा सेकंदांनी एक लांबलचक फुगवटा येऊन खडपावर चढत चढत जातो. तो हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने पाठवलेला असतो. केरळचे मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते, कोकणपट्टीलाही देते. त्या अंदाजात छापलेली उंची म्हणजे सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. दोन-तीन तासांत एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पट येऊ शकते, हे ध्यानात ठेवून तो वाचायचा. ‘दीड मीटर तर आहे’ असं म्हणणाऱ्याने तीन मीटरची तयारी ठेवावी.

ऑस्ट्रेलियात खडपावरून गरवताना इतकी माणसं वाहून जात की न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला. ठरवून दिलेल्या किनाऱ्यांवर लाइफजॅकेटशिवाय खडपावर उभं राहिलं तर दंड. आपल्याकडे हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी जाऊ नका म्हणून सांगतात, आणि लोक ‘पाच मिनिटांत फोटो काढून येतो’ म्हणून जातात. ते बिचारे निदान पाहुणे असतात. आम्ही रोजचे, आणि आमच्यातल्या किती जणांकडे लाइफजॅकेट आहे हे विचारलं तर चर्चा एकदम रीलच्या किमतीवर जाते. बारा हजारांची रील मिरवणारा माणूस दीड-दोन हजारांचं जॅकेट घ्यायला का कू करतो, याचं मला अजून नवल वाटतं. घामाघूम होतं म्हणे.

किरकोळ दुखण्यांचं मात्र सगळ्यांना बरोबर कळतं, कारण ती लगेच दुखतात. शिंगाळ्याचा काटा एकदा बोटात गेला की पुन्हा कोणी त्याला उघड्या हाताने धरत नाही. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्याला विष असतं. सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की उतार पडतो, काटा आत राहिला तर डॉक्टर.

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. खडपावर गरवणाऱ्याला कोणी अडवत नाही. गुरुजी स्वतःला अडवतात. ते दोन महिने पडवीत बसून गाठी मारतात, रीलला तेल घालतात आणि नवीन पोरांकडून तिथीची पाऊणकी म्हणून घेतात. मीही शेजारी बसून म्हणतो. सातानंतर जरा अडखळायला होतं.

तेव्हा नारळी पौर्णिमेनंतर कोणी गरवायला निघणार असेल तर एवढं करा. एकटे जाऊ नका. निघताना घरी तीन गोष्टी सांगून जा: खडप कुठला, भरती कितीची, परतणार किती वाजता. पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट बूच लावून, वीस-पंचवीस हात दोरी बांधून सोबत ठेवा. कोणी पडलाच तर त्याच्यामागे उडी टाकू नका, कॅन टाका, आणि त्याला ओरडून सांगा की खडपाला चिकटायला बघू नकोस, बाहेर मोकळ्या पाण्याकडे जा आणि तरंगत राहा. मग ११२ ला फोन. हे सगळं एकदा कोरड्यावर करून बघा. कॅन नेमका टाकायलाही सराव लागतो, आणि आमच्या मळ्यात त्यासाठी जागा आहे. सुपली मात्र आपापली आणावी लागेल. गुरुजींच्या घरच्या दोन्ही सुपल्यांना भोकं पडली आहेत.